सोलापुरात बघण्यासारखं काय आहे?

"तू मूळची कुठली गं?"

"सोलापूर."

"अच्छा... चादर!"

पुण्यात आल्यापासून हा डायलॉग मी किमान पाचशे वेळा ऐकलाय. चादरीनंतर गाडी शेंगाचटणीवर येते, मग उन्हाळ्यावर. आणि शेवटी हमखास प्रश्न येतो, "पण तिथे बघण्यासारखं काय आहे?"

माझं उत्तरही पाठ झालेलं. "काही नाही गं. ऊन आणि माळ. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला जाताना लोक तिथे चहा प्यायला थांबतात." सगळे हसायचे. मीही हसायचे. आपल्याच गावाची टर आपणच आधी उडवली की दुसऱ्याला चान्स मिळत नाही, असा माझा साधा फंडा होता.

या जानेवारीत मात्र या फंड्याची पार वाट लागली. निमित्त झालं ते थेट इंग्लंडहून आलेल्या एका फोटोचं.

माझी कॉलेजची एक मैत्रीण कंपनीच्या कामासाठी सहा महिने तिकडे गेली आहे. दर वीकेंडला नवं गाव, दर रविवारी रात्री फोटोंचा पाऊस. त्या आठवड्यात सॉल्झबरीचा नंबर होता. उंचच उंच मनोऱ्याचं कॅथीड्रल, जुन्या बाजारचौकात मंगळवारी आणि शनिवारी भरणारा बाजार, गावाबाहेर मैलोन्‌मैल पसरलेला गवताळ माळ. आणि त्या माळावर मान ताठ करून उभा असलेला एक थोराड पक्षी. खाली मॅडमचा मेसेज होता, "ए सोलापुरी, हा तुमच्याकडचाच ना? इकडे त्याला भेटायला लोक तिकीट काढून येतात!"

तो आमच्याकडचा नव्हता. त्याचा चुलतभाऊ होता, ग्रेट बस्टर्ड. पण ताठ मान, भारदस्त छाती आणि 'मी काही घाईत नाही' असा चेहरा, सगळं डिट्टो माळढोक. फोटो बघून मला एकदम माझा जुना स्कोअर आठवला. कुठला स्कोअर, ते पुढे सांगतेच.

गड्ड्याच्या गर्दीत

संक्रांतीला घरी जायचंच होतं. सोलापूरकर जगात कुठेही असला तरी गड्ड्याला घरी येतो, हा अलिखित नियम आहे. गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. बाराव्या शतकातले हे शिवयोगी. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली आणि तलाव खोदवला, असं परंपरा सांगते. त्यांच्याशीच लग्न करणार म्हणून एक कुंभारकन्या हटून बसली, तेव्हा तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लावलं गेलं, अशी कथा आहे. तोच विवाह दरवर्षी संमती कट्ट्यावर लागतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात उंचच उंच नंदीध्वज पेलत चालतात, आणि हजारो लोक एकाच वेळी अक्षता टाकतात. शेजारी उभ्या आजी कन्नडमध्ये बोलत असतात, मागचे काका तेलुगूत, फुगेवाला दख्खनीत. आणि सगळ्यांना सगळं कळत असतं!

यंदा मी ठरवलं, आपल्याच गावात टुरिस्ट व्हायचं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हटलं, "मला सोलापूर दाखवा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे ताजमहाल मागितला.

"काय बघायलीस त्यात? अठरा वर्षं इथंच काढलीस की!"

पण स्कूटर मात्र त्यांनीच आधी बाहेर काढली. चालवली मी. अप्पांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. त्यामुळे त्यांना मागे बसवलं.

पहिल्यांदा भुईकोट किल्ला. शाळेत असताना ही जागा म्हणजे आमच्यासाठी फक्त डबा खाण्याची बाग होती. बहमनी काळातला हा किल्ला आहे. चांदबिबीच्या लग्नात तो अहमदनगरकडून विजापूरच्या आदिलशहाला हुंड्यात गेला, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळावं? बुरुजावर उभं राहिलं की एका बाजूला खंदक, दुसऱ्या बाजूला सिद्धेश्वर तलाव, मधोमध पाण्यातलं देऊळ. एखाद्या इंग्लिश गावाच्या पोस्टकार्डावर शोभावं असं दृश्य! फक्त पोस्टकार्ड कुणी छापलं नाही.

मग इंद्रभुवन. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला नक्षीदार महाल, आता महापालिकेची इमारत. आपण तिथे फक्त दाखल्यासाठी जातो आणि वर मान करून बघतच नाही. मग चार हुतात्म्यांचे पुतळे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. गड्ड्याच्याच दिवसांत हा दिवस येतो. अप्पा दरवर्षी तिथे जातात. मी पहिल्यांदाच थांबले.

जुन्या मिलच्या बाजूनं जाताना अप्पांनी स्कूटर हळू घ्यायला सांगितलं. १८७७ साली सुरू झालेली ही गिरणी. माझे आजोबा तिथे साचे खात्यात होते. "भोंगा झाला की अख्खं गाव घड्याळ लावायचं," अप्पा म्हणाले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. भोंगा गेला, माणसं पुण्याला गेली. त्यात मीही आले.

"झालं तुझं सोलापूर," घराजवळ येता येता अप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "नान्नजला जायचं का उद्या?"

स्नेक, स्कोअर आणि माळढोक

आता तो स्कोअर.

साल २००७. मी चौथीत. अप्पांना रविवारी माळावर जायचा नाद होता आणि त्या दिवशी आईनं मला त्यांच्या गळ्यात बांधलं. सोलापूरहून बार्शी रोडनं वीसेक किलोमीटरवर नान्नज. पहाटेची थंडी, डब्यात कडक भाकरी, समोर नुसतं पिवळं गवत. तासभर काहीच झालं नाही. मी कंटाळले. अप्पांच्या खिशातला नोकिया ११०० काढला आणि स्नेक खेळत बसले.

"ए, बघ बघ!" अप्पा कुजबुजले. दुर्बीण माझ्यापुढे धरली. मी मान वर केली. लांब गवतात एक तपकिरी, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी घातलेला पक्षी चालत होता. मोठ्ठी कोंबडी दिसते, एवढंच मला वाटलं.

"एवढंच?" मी म्हटलं आणि पुन्हा खाली बघितलं. कारण साप खूप लांब झाला होता आणि माझा हायस्कोअर होत होता.

तेवढंच. तीन-चार सेकंद. दुर्बिणीला डोळासुद्धा लावला नाही मी.

त्या तीन-चार सेकंदांची किंमत मला पुढे बातम्या वाचताना कळत गेली. माळढोक हा जगातल्या सगळ्यात वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक. नर चक्क १५ किलोपर्यंत भरतो. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी या पक्षीवेड्या माणसानं नान्नजच्या माळढोकांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यात मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं! पक्षीतज्ज्ञ सलीम अलींना तर हाच आपला राष्ट्रीय पक्षी व्हायला हवा होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला.

आज देशभरात मोकळ्या रानात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरलेत. बहुतेक सगळे राजस्थानात, जैसलमेरकडे. नान्नजला अलीकडच्या वर्षांत गणना होते तेव्हा एखादा दिसतो, कधी एकही नाही. म्हणजे मी ज्याला 'एवढंच?' म्हटलं, तो बघायला आज लाखाची दुर्बीण गळ्यात अडकवून आलेला माणूसही रिकाम्या हातानं परत जातो.

गवताचा आवाज

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. तीच भाकरी, तोच रस्ता. फक्त स्कूटर माझी आणि दुर्बीणही माझ्या हातात. नाक्यावर नोंद केली, वनखात्याचा एक माणूस बरोबर आला. मी उगीच विचारलं, "दिसेल का?" तो कसनुसं हसला. "काळवीट नक्की दिसतील, ताई."

आणि दिसले! एक काळाभोर नर, पिळाची शिंगं, मागे पंधरा-वीस माद्या. उन्हं वर आली तसा माळ सोन्यासारखा दिसायला लागला. कुसळी, पवना, मारवेल, अप्पा एकेक गवत हात लावून ओळखत होते. त्यांना लांबचं नीट दिसत नव्हतं, पण त्यांनी डोळे मिटले आणि कान उघडले.

"चंडोल," ते म्हणाले. मी दुर्बीण फिरवली. आकाशात एक ठिपका गात होता.

"टिटवी. माळटिटवी आहे बघ, साधी नाही." होती!

असं आमचं बराच वेळ चाललं. ते ऐकायचे, मी शोधायचे. वीस वर्षांपूर्वी ते दाखवत होते तेव्हा मी बघितलं नाही. आता मी बघून सांगत होते आणि ते मान डोलवत होते.

मी विचारलं, "अप्पा, तो माळढोक नेमका कसा होता? सांगा ना." आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. अप्पांनी सांगितलं. पावसाळ्यात नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती जवळजवळ जमिनीला टेकते. शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि घुमतो. मग माझे रिटायर्ड, शिस्तीचे अप्पा भर माळावर छाती फुगवून म्हणाले, "हूऽऽम!" वनखात्याचा माणूस हसला नाही. तो म्हणाला, "आमच्याकडं त्याला हूमच म्हणायचे, साहेब."

ते अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमधली सगळ्यात महागडी फाइल आहे.

तात्यांची बाजू

इथपर्यंत मी फुल्ल भावुक झाले होते. दुपारी तात्यांच्या शेतावर हुरड्याला गेलो आणि जमिनीवर आले.

तात्या म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ. माळाच्या पलीकडे त्यांचं शेत. आगटीत गोवऱ्या पेटलेल्या, गूळभेंडीची कणसं भाजली जात होती, पानावर शेंगाचटणी, दही, गूळ. मी सकाळच्या धुंदीत बोलून गेले, "तात्या, तुमच्याकडे एवढा मोठा खजिना होता आणि तुम्ही लोकांनी घालवला!"

तात्यांनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

"पोरी, ते पाखरू आमच्या ज्वारीत यायचं. नाकतोडे खायचं. आम्ही कधी दगड मारला न्हाय. पण कागदावर अभयारण्य आलं तवा जमीन विकायला अडचण, बांधायला अडचण. घरातल्या घरात लोक बोलायचे, पाखराला किंमत हाय, आपल्याला न्हाय. त्या पाखरानं आमचं काय वाकडं केलं? पण राग त्याच्यावर निघाला."

खरंच आहे ते. ८,४९६ चौरस किलोमीटरमध्ये गावंच्या गावं आली, शेतं आली. लोकांचा विरोध वाढत गेला आणि पुढे अभयारण्य आक्रसून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. दरम्यान जिल्हा बदलत होता. उजनीचं पाणी आलं, ऊस आला. नान्नज तर द्राक्षांचं गाव झालं. 'सोनाका' हा द्राक्षाचा नावाजलेला वाण इथल्याच नानासाहेब काळेंचा. ज्वारी-करडईच्या मोकळ्या रानात माळढोक हिंडायचा, पण द्राक्षाच्या मांडवात आणि तारांच्या जाळ्यात तो कुठे हिंडणार? त्याला समोरचं नीट दिसत नाही. डोळे बाजूला, वजन जास्त, झटकन वळता येत नाही. म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. उरलेल्या माळावर मोकाट कुत्री. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे, कुठे कुठे आपण प्रेमानं झाडं लावली. गवताळ माळ म्हणजे 'पडीक' जमीन, तिथे हिरवंगार केलं की पुण्य, असा आपला समज. माळढोकाला झाडी नकोच असते. त्याला लांबवर दिसणारं मोकळं गवत हवं असतं.

मी तरीही म्हटलं, "पण द्राक्षं लावायलाच हवी होती का?"

तात्या शांतपणे म्हणाले, "तुझ्या पुण्याच्या कॉलेजची दुसऱ्या वर्षाची फी कुठनं आली, विचार तुझ्या बापाला."

अप्पांनी आगटीत काडी सारखी केली. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. माझी मास कम्युनिकेशनची डिग्री, माझं पुणं, हा लेख लिहिणारा लॅपटॉप... या सगळ्याच्या मुळाशी त्या मांडवाचे दोन घड आहेत. 'तुम्ही लोकांनी घालवला' म्हणताना मी स्वतःला कुठे उभं केलं होतं?

तात्यांनी मला आणखी हुरडा वाढला. "खा. तुला कोण बोललंय का? पाणी आल्यावर कोरडं रान कोण ठेवतंय सांग."

मोंटेग्यू साहेबाचे पाहुणे

निघताना संध्याकाळ झाली होती. तात्या म्हणाले, "माळावरनं जावा. आत्ता घारीवानी पाखरं उतरत्यात."

गेलो. सूर्य टेकला होता. एकेक करून भोवत्या यायला लागले. लांब पंखांचे, गवतावरून हातभर उंचीनं तरंगत जाणारे शिकारी पक्षी. हिवाळ्यात मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडत ते इथे येतात आणि रात्री याच गवतात, जमिनीवर झोपतात. त्यातल्या एका जातीचं इंग्रजी नाव आहे 'मोंटेग्यूज हॅरियर'. जॉर्ज मोंटेग्यू हा अठराव्या शतकात जन्मलेला पक्षीतज्ज्ञ मूळचा इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. आणि माझ्या मैत्रिणीचं सॉल्झबरी? तेही विल्टशायरमध्येच. सॉलिड ना?

रात्री मी तिला सगळं कळवलं. तिनं तिकडची गोष्ट सांगितली, मग मीही शोधून वाचलं. ब्रिटनमधला ग्रेट बस्टर्ड १८३२ च्या सुमारास संपला. शिकार झाली, शेती बदलली. म्हणजे कारणं आपल्याच ओळखीची! २००४ मध्ये रशियातून पिल्लं आणून सॉल्झबरीच्या माळावर सोडायला सुरुवात झाली. २००९ मध्ये त्या माळावर पुन्हा पिल्लं जन्मली. तब्बल १७७ वर्षांनी! पण ती राहू शकली, कारण माळ शिल्लक होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती जमीन लष्करानं सरावासाठी घेतली, तिथे नांगर फिरला नाही, घरं उठली नाहीत. पक्षी नव्हता तेव्हाही त्याचं गवत तिथे त्याची वाट बघत होतं.

आपल्याकडेही प्रयत्न सुरू आहेत. राजस्थानात २०१९ पासून अंडी उबवून माळढोक वाढवले जाताहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्माला आलं. उद्या कदाचित त्यांची नातवंडं कुठेतरी सोडायची वेळ येईल. तेव्हा नान्नजच्या माळावर गवत असेल, की प्लॉटिंगचे दगड? पक्षी पिंजऱ्यात वाढवता येतो. माळ कुठल्या पिंजऱ्यात वाढवणार? आणि तो राखायचा, तर तात्यांच्या पदरात काय टाकून? हा प्रश्न हुरडा खाऊन पुण्याला परतणाऱ्या माझ्यासारख्यांनीही स्वतःला विचारायला हवा.

तर, बघण्यासारखं काय आहे?

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी एका मीटिंगमध्ये नवीन ओळख झाली. "मूळची कुठली?" "सोलापूर." "अच्छा, चादर! पण तिथे बघण्यासारखं..."

या वेळी मी हसले नाही. म्हटलं, "माळ आहे."

"म्हणजे? नुसता माळ?"

"हो. नुसता माळ. पहाटे जायला लागतं आणि तिथे गप्प बसायला लागतं. फोन खिशात ठेवायला लागतो."

पुढच्या महिन्यात अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणालेत, मग लांबचं स्वच्छ दिसेल. पावसाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत, गवत हिरवं असताना, 'हूम'च्या दिवसांत. दिसणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. तरी दुर्बीण बरोबर घेणार आहोत. या वेळी पाळीपाळीनं बघू.